पंप त्याच्याकडे, नळ्या तिच्याकडे

माझ्या लेकीचा संसार मोडला तेव्हा दोघांनी वाटणी इतक्या शहाणपणाने केली की वकिलालाही त्यांचं कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. भांडी, पुस्तकं, सोफा, गाडी, कशावरूनही आवाज चढला नाही. जी माणसं पंख्याच्या वेगावरून तासभर वाद घालायची, ती एकदम 'तू घे, नको तूच घे' करायला लागली की समजावं, आतून सगळं विझलंय. खटका उडाला तो एकाच गोष्टीवरून, हवा तपासायच्या यंत्रावरून. दोघंही रसायनशास्त्र शिकलेली, दोघांनी मिळून छोटी कंपनी काढलेली. कारखान्यांतली, गॅरेजमधली, कचेऱ्यांतली हवा तपासायची आणि अहवाल द्यायचे. त्या यंत्राचाही प्रश्न त्यांनी समंजसपणे सोडवला. पंप आणि हवा गाळायच्या कागदाच्या डब्या त्याच्याकडे, कोळशाच्या नळ्या तिच्याकडे.

यंत्र एकच होतं हो! शिवणयंत्राची सुई एकाने न्यावी आणि पायडल दुसऱ्याने, त्यातली गत. पण मला कोण विचारतो? मी पडले पाळणाघर चालवणारी बाई. कोणाला शी लागली आणि कोणाला झोप येतेय, हे मला तोंडाकडे बघून कळतं, पण त्याला कोणी पदवी देत नाही. मी मूग गिळून गप्प बसले. पुढे ती वाटणी माझ्याच दारात येऊन उभी राहणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

माझं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खेळणी आणि बुटक्या खुर्च्या, आतल्या खोलीत झोपायच्या चटया. आतल्या खोलीची खिडकी शेजारच्या अंगणात उघडते, आणि ते अंगण फर्निचरला पॉलिश मारणाऱ्याचं. माणूस भला. त्याची नात, जिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो, माझ्याचकडे असते. इतकी वर्षं तो आत बसून फडक्याने पॉलिश करायचा, तेव्हा थिनरचा वास येऊन जाऊन असायचा. यंदा त्याला कपाटांची मोठी कामं मिळाली आणि तो अंगणात, भर उन्हात, फवाऱ्याने रंग मारायला लागला. दुपारी मुलं चटयांवर पडली की एकेक करून खोकायला लागायची. डोळे लाल. वास तर होताच, पण खिडकीतून येणाऱ्या उन्हात काहीतरी निळसर, धुरकट तरंगताना दिसायचं. मी खिडकी बंद केली, फटींना पट्ट्या चिकटवल्या. एका बाळाच्या वडिलांनी हवा गाळायचं मशीन आणून दिलं, आत जाडजूड घड्यांचा कागद असलेलं. खोकला काही थांबेना.

शेवटी एका आईने आरोग्य खात्यात तक्रार केली. तिचं काही चुकलं नाही, मी तिच्या जागी असते तर आधीच केली असती. खात्याच्या बाई आल्या, खोलीत उभ्या राहिल्या, स्वतःच दोनदा खोकल्या, आणि म्हणाल्या, "मावशी, बंद ठेवा. या हवेत काय आहे, आणि तुमचं हे मशीन त्यातलं काय अडवतं, ते लेखी आणा. मग बघू."

घरमालकाला तेवढं पुरे होतं. त्याला ती जागा टायरच्या गोदामासाठी हवी होती. दुसऱ्याच दिवशी तो मोजायची टेप घेऊन आला आणि माझ्यादेखत चटयांच्या खोलीची लांबी-रुंदी काढून गेला. "घाई नाही हो मावशी, पण रिकामी जागा किती दिवस ठेवायची?"

रिकामी! नवरा गेल्यावर मी याच दोन खोल्यांनी तरले. सकाळी उठून कोणासाठी तरी दार उघडायचं असतं, म्हणून तर माणूस उठतो. ते दार टायरांसाठी उघडणार असेल, तर मी उठू कशाला? हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज सकाळी ठरल्या वेळी जाऊन कुलूप काढत होते, बुटक्या खुर्च्या पुसत होते, आणि परत कुलूप लावून येत होते.

तपासणी करायला घरचंच माणूस असताना बाहेर कशाला जायचं? मी लेकीला बोलावलं. ती नळ्या घेऊन आली. नळी म्हणजे साधारण लाटण्याएवढी, आतून बारीक कोळशाचा लेप दिलेली. हवा त्यातून सरळ जाते, वायू कडेला चिकटतात आणि धुळीचे बारीक कण मधून निसटून पुढे जातात. थोड्या दिवसांनी तिचा निकाल आला. "आई, जवळजवळ सगळं वायूरूपात आहे. तुझं मशीन फक्त कण अडवतं. ते भंगारात दे."

अहवाल घेऊन मी खात्यात गेले. बाईंनी आडनाव बघितलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "मुलीचा आहे. दुसऱ्या कोणाचा तरी आणा."

दुसरा कोण? मी लेकीला न सांगता जावयांना फोन केला. माजी जावई म्हणायचं असतं म्हणे. पण नातं काय मोटारीचं लायसन आहे, मुदत संपायला? ते आले, पंप लावला, डबीत गोल पांढरा कागद बसवला. संध्याकाळी कागद काढला तर कोऱ्या चहाचा डाग पडावा तसा पिवळट तपकिरी झालेला. त्यांचाही निकाल आला. "आई, बहुतेक सगळं कणांवर बसलेलं आहे. तुमचं मशीन उत्तम आहे. फक्त कागद वेळेवर बदला."

दोन्ही अहवाल पुढे ठेवल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. "एकच खोली, एकच हवा. एक म्हणतो सगळं वायू, दुसरा म्हणतो सगळं कण. मी कोणावर विश्वास ठेवू? दोघांच्या सह्या असलेला एक अहवाल आणा मावशी. नाहीतर मला कायमचं नाही म्हणावं लागेल."

दोघांच्या सह्या! त्यांनी शेवटची सही एकत्र केली ती घटस्फोटाच्या कागदावर. मी घरी येऊन थोडी रडले. मग चहा केला आणि दोन फोन केले. लेकीला सांगितलं, पाळणाघरातला नळ गळतोय, येऊन बघ, आणि येताना तुझं तपासणीचं सामानही आण. जावयांना सांगितलं, तुमचा अहवाल मान्य झालाय, फक्त एकदा पंप घेऊन या. दोन्ही धडधडीत खोटं. मला त्याची काही लाज वाटत नाही.

दोघं दारातच समोरासमोर आले. लेक माझ्याकडे वळली. "आई!"

"आई काय आई? आत ये. तुम्हीही या. चपला काढा, इथे मुलं झोपतात."

"मुलं कुठेत इथे?" लेक म्हणाली.

"तेच तर विचारतेय मी. कुठेत?"

दोघं बुटक्या खुर्च्यांवर बसले, कारण दुसऱ्या खुर्च्याच नव्हत्या. गुडघे हनुवटीला लागलेले, मांडीवर आपापली पेटी. मी दोन्ही अहवाल मधल्या टेबलावर ठेवले, ज्यावर एरवी रंगीत खडू असतात.

"मला आधी सांगा," मी म्हटलं, "पॉलिशवाला मारतो थिनर. मग हे वायू आणि कण आले कुठून? आणि मला समजेल असं बोला."

लेकीने उसासा टाकला. "थिनरची वाफ वर जाते. तिला ऊन लागतं, रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर मिळतो, आणि ती हवेतल्या हवेत बदलते. नवीन पदार्थ तयार होतात, आधीपेक्षा जड आणि चिकट. हे पदार्थ हवेत मोकळे फिरतात, नाहीतर धुळीच्या, धुराच्या बारीक कणावर जाऊन बसतात. तुझी मुलं समज. काही खोलीभर पळतायत, काही चटईवर पडलीयत."

"आणि तीच मुलं," जावई म्हणाले, "उकडायला लागलं की उठून पळतात, गारवा आला की चटईवर येऊन पडतात. चटया जास्त घातल्या, तर पडणारेही जास्त. कोण कायमचा पळणारा नाही आणि कोण कायमचा झोपणारा नाही."

"हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं," मी म्हटलं. "मग पळणारी किती आणि पडलेली किती, एवढं सांगायला दोन डोकी आणि दोन उत्तरं?"

"त्याने कागद लावला," लेक म्हणाली. "नुसता कागद! पुढे नळी न लावता. अरे, कागद स्वतःच केवढी मोठी मऊ चटई असतो. दिवसभर हवा ओढलीस त्यातून. पळणारीसुद्धा त्यावर येऊन पडली, आणि तू ती कण म्हणून मोजलीस."

"मग पुढे नळी लावायची कुठून? नळ्या तू घेऊन गेलीस."

"मागायच्या होत्यास."

"तुझ्याकडे? मला वेड लागलं नव्हतं." जावयांनी वाकून तिच्या पेटीत डोकावलं आणि ते हसायलाच लागले. "हा पंप? मत्स्यालयाला लावतात तसला हा पंप? काय वेगाने ओढतो हा?"

"ओढतो. हळू ओढतो," लेक म्हणाली, पण तिचा आवाज जरा खाली आला होता.

"हळू म्हणजे हवा नळीत रेंगाळणार. पळणारी सगळी कोळशाने पकडून ठेवली, खोली रिकामी झाली, की चटईवरची उठून पळायला लागतात. त्यांनाही कोळशाने पकडलं. आणि तू ती वायू म्हणून मोजलीस. नळीतून हवा झपकन जायला हवी, उठायला वेळच मिळता कामा नये. हे मला तूच शिकवलं होतंस."

"मोठा पंप तुझ्याकडे होता."

"मागायचा होतास."

तेवढ्यात बाथरूममधल्या नळाचं टपटप ऐकू आलं. म्हणजे नळ खरोखरच गळत होता, मी तेवढी काही खोटारडी नाही.

मला हसावं की दोघांचे कान धरावे कळेना. इतकी शिकलेली माणसं. एकमेकांच्या यंत्रात काय उणं आहे ते दोघांना तोंडपाठ. स्वतःच्या अर्ध्या यंत्राने मात्र पूर्ण उत्तर काढून, वर ठसठशीत सही करून मोकळे. आणि त्यापायी माझ्या चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या.

"तुमचं लग्न मोडलं," मी म्हटलं, "त्यात मी एक शब्द बोलले नाही. आजही बोलणार नाही. पण तुमच्या वाटणीत माझी पोरं बाहेर पडली. ते मी खपवून घेणार नाही. उघडा त्या पेट्या."

माझा आवाज फाटला असावा, कारण लेक पटकन उठली आणि तिने माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला. मग ती जमिनीवर मांडी घालून बसली, पेटीतून नळी काढली आणि त्यांच्याकडे न बघता हात पुढे केला. "डबी दे."

जोडणी करताना त्यांना शब्द लागले नाहीत. पुढे नळी, मग डबीत कागद, कागदामागे कोळशाचं गोल कापड, आणि शेवटी मोठा पंप. ते कापड कशाला, असं मी विचारलं तर जावई म्हणाले, "कागदावरून कोणी उठून पळालंच, तर मागच्या दाराशी पकडायला." मला ते आवडलं. मागच्या दाराशी माणूस हवाच, हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते.

पॉलिशवाल्याला सांगितलं, नेहमीसारखं काम कर, आज चोरून हळू मारू नकोस. तो बिचारा चिमणीला कडेवर घेऊन दारात उभा राहिला. "मावशी, माझ्यामुळे हे झालं असेल तर सांगा हो. हिला घरी ठेवायला कोणी नाही. माझ्याबरोबर त्या वासात फिरते दिवसभर." चिमणीने मला बघून दोन्ही हात पुढे केले. मी तिला घेतलं आणि ती खोकली. तो खोकला मला जिव्हारी लागला. मी तिला बाहेर रस्त्यापलीकडच्या झाडाखाली घेऊन बसले आणि दिवसभर तिथेच बसले.

सकाळी एक जोडणी, दुपारी दुसरी, असं त्यांनी बरेच दिवस केलं. दुपारी डबा मी द्यायचे. पहिल्या दिवशी दोघं दोन कोपऱ्यांत जेवले. पुढे कधीतरी एका टेबलावर जेवायला लागले, पण पंख्याच्या वेगावरून वाद घालत. मी पाठ फिरवून हसून घेतलं. विझलेलं काही परत पेटलं असं म्हणायची मला घाई नाही. निदान आवाज तरी चढत होते.

निकाल आला तो असा. सकाळी, गारव्यात, रस्त्यावर धूर जास्त असतो, म्हणजे चटया भरपूर. तेव्हा जावयांचं पुष्कळसं खरं, कणांवरच जास्त बसलेलं. दुपारी, अंगणातले पत्रे तापले की तेच उठून वायू होतं, तेव्हा लेकीचं पुष्कळसं खरं. आणि माझी मुलं झोपायची दुपारी. मशीनमधला कागद सकाळी इमानदारीत काम करायचा, दुपारी त्याच्या आरपार सगळं निघून यायचं. वर सकाळी कागदावर अडवलेलंसुद्धा दुपारी त्यावरून उठून खोलीत परत. हे ऐकल्यावर मी त्या मशीनकडे कशा नजरेने बघितलं ते विचारू नका.

अहवालाखाली दोन सह्या झाल्या. एकीने पेन दुसऱ्याला दिलं, एवढंच. खात्याच्या बाईंनी तो तिथल्या तिथे वाचला आणि पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघून हसल्या. "म्हणजे कागद हवा आणि त्यामागे कोळसाही हवा. आणि मुळात अंगणातला फवारा बंद हवा. हे तीनही झालं, परत तपासलं आणि हवा ठीक निघाली, तर उघडा."

मशीनमध्ये कागदामागे कोळसा दोघांनी बसवून दिला. फवाऱ्याचं मात्र मला वाटलं होतं घोडं अडणार. पॉलिशवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ऊन लागून होतं ना हे? मग ऊन उतरल्यावर मारतो. आणि माझी आतली खोली बंदिस्त करून घेतो, पंख्याला कोळसा लावून, मग अंगणात फवारा नाहीच." जावयांनी त्याला पंख्याचं माप काढून दिलं. लेकीने ते तपासलं आणि एक आकडा खोडला. जावयांनी खोडू दिला.

घरमालक टेप घेऊन परत आला, तेव्हा मी चटया उन्हात झटकत होते. "उघडणार म्हणता?" त्याने विचारलं. "बघू," मी म्हटलं, आणि मुद्दाम त्याच्या दिशेला चटई झटकली.

शेवटच्या तपासणीसाठी खात्याच्या बाईंनी परवानगी दिली होती, की मुलं खोलीत असू देत, नेहमीसारखी, एका दुपारपुरती. सगळ्या आयांना मी फोन केले. कोण येईल याचा भरवसा नव्हता. सकाळी दार उघडून उभी राहिले तर पहिली चिमणी, आजोबांचा हात ओढत. मग ती तक्रार करणारी आई, मुलाला घेऊन. "मावशी, राग नाही ना?" मी म्हटलं, "तू केलीस म्हणून तर कळलं." आणि मला रडू आलं, तिच्यासमोरच.

जेवणं झाली, चटया घातल्या. कोपऱ्यात पंप घुमायला लागला, एकसुरी, बारीक. मला वाटलं त्या आवाजाने मुलं उठतील. उलट एकेक करून सगळी झोपली. लेक आणि जावई भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते आणि कुजबुजत भांडत होते, कारण मोठ्याने भांडायची सोय नव्हती.

ऊन कलल्यावर जावयांनी पंप थांबवला. खरा निकाल प्रयोगशाळेतून यायचा होता, पण लेकीने डबी उघडून कागद चिमट्याने उचलला आणि खिडकीच्या काचेशी धरला. आधीच्या प्रत्येक दुपारी तो कोऱ्या चहासारखा निघायचा. आज जवळजवळ पांढरा होता. जवळजवळ. कडेला किंचित पिवळी झाक होती, ती रस्त्यावरच्या गाड्यांची, ती काही माझ्या हातात नाही.

"नळीत वायू असेलही," लेक कुजबुजली. "उद्या कळेल. पण आई, तुझ्या नाकाला काय वाटतं?"

जावई पेटी भरायला लागले. पंप एका पेटीत, नळ्या दुसऱ्या पेटीत. मी त्यांचा हात धरला. "नाही. सगळं एका पेटीत, आणि ती पेटी माझ्या कपाटात. ज्याला लागेल त्याने इथून न्यायची आणि इथेच आणून ठेवायची. सगळी. अर्धी नाही." दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि लेकीने तिच्या पेटीतल्या नळ्या उचलून त्यांच्या पेटीत ठेवल्या.

मग मी खिडकीच्या फटींवरच्या पट्ट्या काढल्या. इतक्या महिन्यांनी त्या रंगासकट निघाल्या. खिटी घट्ट झाली होती, जावयांनी एक बाजू धरली, लेकीने दुसरी. खिडकी उघडली आणि अंगणातली हवा सरळ चटयांवर आली. आम्ही तिघं श्वास धरून उभे राहिलो. चिमणीने कूस बदलली, तोंड उघडलं, आणि झोपेतच एक लांब जांभई दिली.

कोणी खोकलं नाही.